बुधवारी कुणाचंच काही दुखत नाही

माझी मुलाखत झाली तेव्हा मुकादमबाई पायरीवर बसून एका चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होती.

"काय शिकलीस?"

"साहित्य. एम. ए."

"म्हणजे काय करतात त्यात?"

"गोष्टी, कादंबऱ्या, कविता."

"लिहितात?"

"वाचतात."

"त्याला कॉलेज लागतं?" तिने दोरा दातांनी तोडला. "बरं, असू दे. हा कागद घे. लिही. वय, कोणत्या गोळ्या, चप्पल कितवी. एवढं तरी येतंय का बघू."

मी लिहिलं. तिने कागद लांब धरून पाहिला.

"अक्षर बरं आहे. उद्या सकाळी सहाला फाटकाशी ये."

नंतर कळलं की खरी मुलाखत वरच्या खोलीत होती आणि डॉक्टरबाई माझी वाट पाहत होत्या. माणसं घ्यायचा मुकादमबाईला काही अधिकार नव्हता. मी वर जाऊन प्रमाणपत्रं पुढे केली, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिने घेतलं ना? मग झालं."

त्या दिवसापासून माझं नाव 'पदवीधर'. हाक मारायचं नाव. दोन वर्षं झाली, त्यात बढती नाही.

आमचं केंद्र जुन्या टपाल कचेरीत आहे. खाली एक मोठी खोली, तिच्यात जाळीची खिडकी असलेला लाकडी काउंटर, मागे तपासणीची लहान खोली. काम सांगायला सोपं आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या बाईला पहिले काही आठवडे सोबत करायची. डॉक्टर, औषधं, कागदपत्रं, डोक्यावर छप्पर, हाताला काम. सुटताना बाईच्या हातात सात दिवसांच्या गोळ्या देतात. रक्तदाबाच्या असोत की फिट येण्यावरच्या, सातच दिवसांच्या. आठव्या दिवशी काय, हे कुठल्याच कागदावर नसतं. आठवा दिवस म्हणजे आम्ही.

मुकादमबाई स्वतः आठ वर्षं आत होती. तिथे स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं, तिथूनच हे नाव आलं. का आत होती, ते ती प्रत्येकाला वेगळं सांगते. दूधवाल्याला सांगितलं, विमान पळवलं. वरच्या मजल्यावरच्या कारकुनाला सांगितलं, कारकुनांनी चुकीचा शिक्का मारला. एका चौकस शेजारणीने फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे एक चौकस शेजारीण होती." आणि पुढे काही बोललीच नाही. खरं काय ते फाइलमध्ये आहे. फाइली मीच लावते. ते इथे येणार नाही.

पहिल्या सकाळी मी सहाला फाटकाशी गेले. ती आधीच येऊन उभी होती. खांद्याला मोठी पिशवी. पिशवीत चार मापांच्या चपला, कंगवा, पाण्याची बाटली, दोन रुमाल आणि चार्ज केलेला फोन. साडेसातला एक बाई सुटणार होती.

"पदवीधर, सुटलेल्या बाईला सगळ्यात आधी काय हवं असतं? सांग."

मी जरा विचार केला. "स्वातंत्र्य."

ती इतकी हसली की कठड्यावर बसावं लागलं. पहारेकरी वळून बघायला लागला.

"संडास," ती म्हणाली. "कडी आतून लावता येईल असा. मग चहा. तुझं ते स्वातंत्र्य दुपारनंतर."

साडेसातला फाटकातून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई बाहेर आली. हातात कापडी पिशवी आणि गोळ्यांचं पाकीट. आत शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणत. मुकादमबाईने तिला मिठी वगैरे मारली नाही. पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला.

"एवढंच सामान? आणि मला वाटलं, तिथे राहायचाच विचार केला होतास की काय."

शिंपिणीला हसू आलं. रडण्याच्या तयारीत होती, ते राहूनच गेलं.

केंद्रापाशी आल्यावर दार बंद होतं. नुसतं लोटलेलं, कडी नव्हती. शिंपीण दारासमोर जाऊन थांबली. हात बाजूला, मान खाली. मी पुढे होऊन दार उघडणार, तर मुकादमबाईने कोपराने मला मागे ढकललं.

"उघड गं," ती शिंपिणीला म्हणाली, "माझे हात भरलेत."

तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. शिंपिणीने दाराकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. मग ढकललं. दार उघडलं. तिलाच दचकायला झालं.

वर्षानुवर्षं दार दुसरं कुणी उघडतं. उघडेपर्यंत उभं राहायचं असतं. बाहेर आल्यावर बायका कुठल्याही दारापुढे अशाच थांबतात. दवाखान्याच्या, दुकानाच्या, स्वतःच्या घराच्या. बसच्या दारात थांबल्या की मागचे लोक ओरडतात. हे मला मुकादमबाईने सांगितलं नाही. तीन आठवडे मी समजत होते की ही बाई उगाच एवढी ओझी वाहते. एकदा तिची एक पिशवी उचलली, तर हलकी लागली. आत वर्तमानपत्रांचे बोळे होते.

मी तशीच उभी राहिले.

"काय झालं? आत काय साप आहे?" ती म्हणाली.

आता बुधवारचं सांगते.

मी लागले त्याच महिन्यात डॉक्टरबाईंनी तपासणीचा दिवस बदलला. आधी सोमवार असायचा, तो बुधवार केला. बुधवारी सकाळी मुकादमबाई कोर्टाच्या कागदांसाठी बाहेर असायची. त्यामुळे तपासणीला मी आणि डॉक्टरबाई. चार बुधवारांत अकरा बायका आल्या. डॉक्टरबाई विचारायच्या, काही त्रास? काही नाही. कुठे दुखतं? नाही. झोप? छान. भूक? उत्तम. डॉक्टरबाई खूश झाल्या. महिन्याचा अहवाल त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिलं, 'सर्व महिलांची प्रकृती समाधानकारक असून मनोधैर्य वाखाणण्याजोगे आहे.' मला तो 'वाखाणण्याजोगे' फार आवडला होता.

मुकादमबाईने अहवाल मोठ्याने वाचायला लावला. त्या शब्दाला आल्यावर हात वर केला.

"थांब. शिंपीण काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"काल माझ्यासमोर जिना चढताना तीनदा थांबली ती. एका हाताने छाती धरून."

"मग खोटं का सांगेल?"

"खोटं नाही गं. बुधवार आहे."

मला कळलं नाही. तिने खुर्ची ओढली.

आत भेटीचा दिवस बुधवार. डॉक्टरही बुधवारीच यायचे. जी बाई म्हणायची दुखतंय, तिला दवाखान्याच्या रांगेत बसवायचे. रांग सरेपर्यंत भेटीची वेळ संपलेली असायची. दूरवरून आलेली माणसं फाटकावरून परत जायची. दोन-तीनदा तसं झालं की माणसं यायचीच बंद होतात. म्हणून बुधवारी कुणाचंच काही दुखायचं नाही. ताप असला तरी बायका तोंडावर पाणी मारून, केस नीट करून जाळीपाशी उभ्या राहायच्या.

"आठ वर्षं मला कधी काही झालं नाही," मुकादमबाई म्हणाली. "माझ्याइतकी ठणठणीत बाई त्या तुरुंगाने बघितली नसेल."

डॉक्टरबाईंनी लगेच तपासणी शुक्रवारवर नेली. पहिल्याच शुक्रवारी शिंपिणीचा गुडघा, छाती, डावा कान आणि एक दाढ निघाली. "आणि एक जुनं दुखणं आहे," ती म्हणाली, "ते जरा बसून सांगावं लागेल." डॉक्टरबाईंचं जेवण चारला झालं. माझा अहवाल मी फाडला.

मग मुकादमबाईने माझ्याकडून एक पाटी लिहून घेतली. तिने सांगितलं, मी लिहिलं. 'इथे दुखणं सांगितलं म्हणून भेट जात नाही.' मी सुचवलं, 'निःसंकोचपणे' घालू या.

"तो शब्द वाचून होईपर्यंत भेटीची वेळ संपेल," ती म्हणाली.

पाटी काउंटरच्या वर लागली.

एवढं सगळं जिला कळतं, ती बाई स्वतःचा बुधवार कसा सांभाळते, ते बघण्यासारखं होतं.

तिला एक मुलगी आहे. आई आत गेली तेव्हा नऊ वर्षांची. मामा-मामींकडे वाढली. आई सुटली तेव्हा सतरा. दोघींनी एक महिना एका खोलीत राहून पाहिलं. दोन पाहुण्या एकमेकींचा पाहुणचार करताहेत असं चाललं होतं. कोण आधी जेवणार यावरून अवघडायच्या. महिन्याने मुलगी मामाकडे परत गेली. भांडण नाही, काही नाही. पण पुढच्या बुधवारी बरोबर चारला ती केंद्राच्या दारात उभी राहिली.

तेव्हापासून सात वर्षं हेच. मुलगी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. बुधवारी तिला अर्धा दिवस असतो. चारला येते. खोलीच्या मधोमध टेबल आहे. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगी. हात टेबलावर. कुणी कुणाच्या बाजूला जात नाही. वीस मिनिटं बोलतात. मामीचा गुडघा, दुकानातली गिऱ्हाइकं, घराची गळती. चार वीसला मुलगी उठते. घड्याळाकडे दोघीही बघत नाहीत, तरी चार वीसलाच उठते.

एकदा मी विचारलं, "शेजारी का नाही बसत?"

"शेजारी बसलं की तोंड दिसत नाही," मुकादमबाई म्हणाली.

बुधवारी ती केस दोनदा विंचरते. मी हसले की म्हणते, "तू तुझ्या कादंबऱ्या वाच."

या वर्षी एकदा तिने मला बाजूला बोलावलं. "एक काम कर. सॅनिटरी पॅडचं पाकीट आण. एका बाईसाठी."

"कोणत्या?"

"आहे एक."

मी आणलं. आठ दिवसांनी दुसरं आणलं. तिसरं मागितलं तेव्हा मी म्हटलं, "त्या बाईची चप्पल कितवी?"

"तुला काय करायचंय?"

"नोंद करायची आहे. या तीन आठवड्यांत तर कुणीच सुटलेलं नाही."

साहित्य शिकलेल्या माणसाला एवढा तर्क येईल असं तिला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

तिची पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. हे सगळ्या केंद्राला माहीत होतं, कारण तिनेच बायकांना सांगताना स्वतःचा दाखला दिला होता. बोट नाचवून सांगायची, "एकदा बंद झाल्यावर परत रक्त दिसलं, तर एक दिवस थांबायचं नाही. काय? एक दिवस नाही." आता मला आठवलं, ती हल्ली फाइल पोटाशी धरून उभी राहते. पायरीवर बसायची ती काठाला टेकते.

मी शुक्रवारपर्यंत थांबले. शुक्रवारी विचारलं, "मुकादमबाई, काही त्रास?"

"काही नाही."

"आज शुक्रवार आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"चहा ठेव," ती म्हणाली.

चहा झाल्यावर ती स्वतःच तपासणीच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता, तिचा नाही. ओटीपोटात गाठ लागत होती. सोनोग्राफी हवी, आतला तुकडा काढून तपासायला हवा. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथल्या त्या विषयाच्या डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. बुधवारी, दुपारी चारला.

"बुधवारी नाही जमणार," मुकादमबाई म्हणाली.

"मग पुढच्या बुधवारी."

"तेव्हाही नाही."

"अहो, मग कोणत्या बुधवारी?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

"बुधवार दिलेले आहेत माझे."

डॉक्टरबाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, गाठ साधी असेल तर ठीक आहे. नसेल तर एकेक आठवडा महत्त्वाचा आहे. तू बघ तिच्याकडे. मी काय बघणार? जिने मला आठवड्यात फाटक, चपला आणि गोळ्या शिकवल्या, तिला मी काय शिकवणार?

तरी बोलले. "मुलीला सांगा ना, एक दिवस गुरुवारी ये म्हणून."

"आणि ती म्हणाली, असू दे मग, तर?"

"तसं कशाला म्हणेल?"

"एक बुधवार चुकला की दुसरा चुकणं सोपं जातं. मी बघितलंय. ज्यांची माणसं तुटली ना, त्यांची भांडून नाही तुटली. एक बुधवार पाऊस होता. एक बुधवार लग्न होतं." मग म्हणाली, "ती कशाला येते, मला माहीत नाही. सवयीने येत असेल. सवय मोडायला मी कशाला जाऊ?"

"मी सांगू तिला?"

तिने बोट वर केलं. हा केंद्रातला पहिला नियम. एकीचं दुखणं दुसरीने तिसरीला सांगायचं नाही. तो नियमही तिनेच केलेला.

तीन बुधवार गेले. तिन्ही बुधवारी चारला मुलगी आली, वीस मिनिटं बसली, गेली. मी काउंटरमागे बसून फाइली लावत होते. लावलेल्याच परत लावत होते. मुकादमबाई मामीच्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगत होती. स्वतः टेबलाखाली पोटावर हात दाबून.

चौथ्या बुधवारी शिंपीण आली. ती आता केंद्राजवळच पडदे शिवायच्या दुकानात काम करते. गोळ्या न्यायला आली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने मुकादमबाईला जिन्यावरून उतरताना पाहिलं.

"बाई दोनदा थांबल्या," ती मला म्हणाली.

मी फाइलीत डोकं घातलं. चारला पाच मिनिटं कमी होती. शिंपीण स्टुलावर चढली. काउंटरच्या वरची पाटी काढली, पदराने पुसली आणि टेबलावर आणून ठेवली. मुकादमबाईच्या खुर्चीकडे तोंड करून, पाण्याच्या तांब्याला टेकवून.

"हे काय चाललंय?" मुकादमबाई म्हणाली.

"धूळ बसली होती," शिंपीण म्हणाली आणि गोळ्या घेऊन गेली.

पाटी उचलून ठेवायला वेळच मिळाला नाही. चार वाजले होते. मुलगी दारात होती.

ती बसली. पाटीची पाठ तिच्याकडे होती. तिने ती फिरवून वाचली.

"हे काय, आई?"

"पाटी आहे. पदवीधरने लिहिली. अक्षर बघ कसं आहे."

"अक्षर छान आहे. पण टेबलावर का?"

"धूळ बसली होती."

दुकानात एका आजोबांनी चष्मा डोळ्यांवर असतानाच चष्मा हरवल्याची तक्रार केली, ती गोष्ट मुलीने सांगितली. मुकादमबाई हसली नाही. ती पाटीकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "पुढच्या बुधवारी भेट होणार नाही."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. हात टेबलावरून खाली गेले.

"काय केलंस तू?"

"अगं..."

"खरं सांग. काय केलंस? भेट कुणी बंद केली?"

चोवीस वर्षांची मुलगी. चष्म्याच्या दुकानात नोकरी. पण भेट होणार नाही, या वाक्याचा तिला एकच अर्थ ठाऊक होता. आईने आत काहीतरी आगळीक केली आणि शिक्षा म्हणून भेट बंद झाली.

"अगं काही केलं नाही मी! कुणी बंद नाही केली. मला..." मुकादमबाई थांबली. चारशे जणींचा स्वयंपाक करणारी बाई, एका शब्दापाशी अडली. "दुखतंय."

मी फाइल खाली ठेवली.

"कधीपासून?" मुलीने विचारलं.

"झाले दोन महिने."

"दोन महिने. म्हणजे आठ बुधवार." मुलगी हिशेब करत होती आणि तिचा आवाज वर वर जात होता. "आठ बुधवार समोर बसून मामीच्या गुडघ्याबद्दल बोलत होतीस? मामीचा गुडघा कधीच बरा झाला!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू आवडीने बोलत होतीस म्हणून!"

मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं.

मुकादमबाईने हळूहळू सांगितलं. गाठ, रुग्णालय, चार वाजताची वेळ. मुलगी ऐकत राहिली.

"चारलाच ना?" ती म्हणाली. "मग माझीपण तीच वेळ आहे. तिथे येते."

"तिथे भेट नसते गं. रांग असते."

"मग रांगेत बसेन." मग टेबलाकडे बघत म्हणाली, "मीपण बुधवारी कधी आजारी पडले नाही. मामी म्हणाली असती, घरी झोप. मला कांजिण्या आल्या होत्या ना, दहा वर्षांची असताना. पुटकुळ्या झाकायला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि आले. तू म्हणालीस, थंडी वाजतेय का."

मुकादमबाई तिच्याकडे बघत राहिली.

"ती तू होतीस?"

"काय?"

"सतरा जणींना कांजिण्या झाल्या होत्या त्या वर्षी! अख्खी बराक खाजवत बसली होती. नव्या आलेल्या एका बाईवर आम्ही आळ घेतला. बिचारीशी महिनाभर कुणी बोललं नाही. माझ्याही अंगभर उठल्या होत्या, आणि मी डॉक्टरांना म्हटलं, डास." ती बोटांवर दिवस मोजायला लागली. "जाळीतून तू माझं बोट धरलं होतंस. मीच घेऊन आले असणार आत."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग मुकादमबाई हसायला लागली, एक हात पोटावर दाबून, कारण हसलं की दुखत होतं. "हसवू नकोस," ती म्हणत होती आणि हसत होती. मुलगी उठली आणि टेबलाला वळसा घालून आईच्या बाजूला आली. तिच्या लक्षातही आलं नसावं.

मी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढच्या बुधवारी मी सुटी काढून रुग्णालयात गेले. लांब बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. मुकादमबाईने केस दोनदा विंचरलेले दिसत होते. नाव पुकारलं. ती उठली आणि तपासणीच्या खोलीपाशी जाऊन थांबली. दार लोटलेलं होतं. ती तशीच उभी राहिली. हात बाजूला, मान खाली. दोनशे बायकांना दार उघडायला लावणारी बाई.

मुलगी मागून आली. तिच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात आईची पिशवी, बाटली, चादर.

"उघड ना गं आई," ती म्हणाली, "माझे हात भरलेत."

तिला ती युक्ती माहीत असणं शक्य नव्हतं. तिचे हात खरंच भरले होते.

मुकादमबाईने दार ढकललं.

तुकड्याचा अहवाल दहा दिवसांनी आला. भीतीचं काही नव्हतं. पण गाठ मोठी होती, गर्भपिशवी काढावी लागणार होती. दाखल होताना वॉर्डमधल्या सिस्टरने नियम सांगितले. दागिने नकोत, सकाळपासून पाणी नको, नातेवाइकांच्या भेटीची वेळ रोज चार ते सहा.

"रोज?" मुकादमबाईने विचारलं.

"रोज."

"दोन तास?"

"हो. सहाला मात्र आम्ही बाहेर काढतो."

रोज येईन, असं मुलीने सांगूनही टाकलं आणि ती फॉर्मवर सही करायला गेली. मुकादमबाईने माझा हात घट्ट धरला. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हाही तिने असा धरला नव्हता.

"पदवीधर, रोज दोन तास काय बोलायचं गं? माझा हात वीस मिनिटांवर बसलेला. मामीचा गुडघाही बरा झाला म्हणे."

"काही बोलायलाच पाहिजे असं नाही."

"तुझं आपलं काहीतरीच. पोरगी एवढ्या लांबून येणार आणि मी नुसती पडून राहू?" तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू शिकलीस ना त्या गोष्टी? त्यातल्या दोन-चार दे मला. चांगल्या लांब बघून दे."

"कसल्या हव्यात?"

"कसल्याही चालतील," ती म्हणाली. "फक्त शेवट सहाच्या आधी यायला नको."